लग्नाचे नाव नको म्हणणाऱ्याला काय म्हणावे?

कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की कोकणात माणसांच्या लग्नांचा हंगाम सुरू होतो आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोखही बदलतो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी काही एकाच शब्दाभोवती फिरणारी निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न (देवगड तालुक्यातील एक निवृत्त मराठी शिक्षक): माझा पुतण्या 38 वर्षांचा आहे. शिक्षण चांगले, हापूसची स्वतःची बाग, व्यसन कसलेही नाही. पण त्याच्या लग्नाचा विषय निघाला की तो उठून बागेत जातो. मागच्या महिन्यात घरी त्याच्या चुलतबहिणीची हळद होती. पुण्याहून आलेल्या नात्यातल्या एका मुलीने त्याला लग्न न करण्याचे कारण विचारले, तेव्हा ‘मी मिसॉगमिस्ट आहे’ असे तो म्हणाला. तिने ‘मिसॉजिनिस्ट’ असे ऐकले आणि बायकांचा द्वेष करणाऱ्याच्या पंगतीला बसायचे नाही म्हणून ती पानावरून उठली. माझ्या वहिनींना त्यातले ‘मिस’ एवढेच कळले, आणि कोणा कुमारिकेशी याचे जुळले असावे असे समजून त्या दोन दिवस आनंदात होत्या. मी आयुष्यभर मराठी शिकवले, परंतु या शब्दाला मराठीत काय म्हणावे हे मला सांगता आले नाही. शब्दाचा अर्थ, त्याची घडण आणि मराठी प्रतिशब्द कृपया सांगावा. तो माझ्या पुतण्याला लागू पडतो काय, हेही सांगता आले तर बरे.

उत्तर: सर, आपल्या घरातील तिघांनी एकाच शब्दाचे तीन अर्थ केले, यात शब्दाचाही थोडा दोष आहे. ‘मिसॉगमी’ म्हणजे विवाहाचा द्वेष आणि ‘मिसॉजिनी’ म्हणजे स्त्रियांचा द्वेष. दोन्ही शब्दांचा पहिला भाग ग्रीक ‘मिसोस’ म्हणजे द्वेष या शब्दापासून आलेला आहे. त्याच्यापुढे ‘गामोस’ म्हणजे विवाह हा शब्द आला की मिसॉगमी होते आणि ‘ग्युने’ म्हणजे स्त्री हा शब्द आला की मिसॉजिनी. इंग्रजी उच्चारात दोन्हींचा आघात ‘सॉ’वर पडतो आणि त्याच्यापुढचा भाग हळू उच्चारला जातो. ज्या ‘ग’ आणि ‘जि’वर सगळा अर्थ अवलंबून आहे तीच अक्षरे अशी दबली जात असल्याने हळदीच्या गोंगाटात त्या मुलीची गल्लत झाली, यात नवल नाही.

वहिनींनी पकडलेले ‘मिस’ मात्र यांपैकी कशातच नाही. कुमारिकेच्या नावामागे लावला जाणारा ‘मिस’ हा ‘मिस्ट्रेस’ या शब्दाचा संक्षेप आहे. चुकीचे, वाईट या अर्थाने इंग्रजी शब्दांना लागणारा ‘मिस’ हा उपसर्ग तिसराच असून तो जर्मानिक मूळाचा आहे. तेव्हा मिसॉगमी म्हणजे चुकीच्या माणसाशी झालेले लग्न, असाही अर्थ कोणी काढू नये. तशी लग्ने पुष्कळ असतात, पण त्यांच्यासाठी हा शब्द नाही.

आपण भाषेचे शिक्षक आहात म्हणून या शब्दांचे आपल्याकडचे गणगोतही सांगतो. ग्रीक आणि संस्कृत या एकाच भाषाकुलातल्या भाषा असल्यामुळे पुरुषद्वेषासाठी असलेल्या ‘मिसँड्री’ या शब्दात आपला ‘नर’ लपलेला आहे, कारण ग्रीक ‘आनेर’ आणि संस्कृत ‘नृ’ यांचे मूळ एकच मानले जाते. ‘ग्युने’ हा शब्द वैदिक ‘जनि’ आणि ‘ग्ना’ या स्त्रीवाचक शब्दांचा सगोत्र आहे. ‘गामोस’चा धागा तर आपल्या ओसरीपर्यंत पोहोचतो. ग्रीक भाषेत जावयाला ‘गांब्रॉस’ म्हणतात, तो ‘गामोस’च्याच कुळातला समजला जातो, आणि भाषाभ्यासक त्याची सांगड संस्कृत ‘जामातृ’ शब्दाशी घालत आले आहेत. याच ‘जामातृ’चा प्राकृतातून झिजत आलेला मराठी अवतार म्हणजे ‘जावई’. जामाता हा दहावा ग्रह होय, असे सांगणारे संस्कृत सुभाषित प्रसिद्ध आहेच. त्याच्या कर्त्याला मिसॉगमी ठाऊक नसली तरी जावयाविषयीची भावना पुरेशी ठाऊक होती.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या मध्यास आला आणि तेव्हापासून आजपर्यंत तो कोशात जास्त आणि बोलण्यात कमी राहिला. त्याचा खरा वापर वाङ्मयाच्या इतिहासात दिसतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम या ख्रिस्ती धर्मपंडिताने विवाहापेक्षा कौमार्य श्रेष्ठ ठरवताना संसाराच्या कटकटींची मोठी जंत्री दिली, आणि पुढे मध्ययुगात त्याच धर्तीवर, शहाण्या माणसाने लग्न का करू नये हे पटवणारे लेखन युरोपात बरेच झाले. अभ्यासक त्या लेखनपरंपरेला मिसॉगमी म्हणतात. त्या लेखनात विवाहाचा द्वेष आणि स्त्रीचा द्वेष हातात हात घालून चालतात हेही नमूद केले पाहिजे, कारण संसारातील प्रत्येक दुःखाचे खापर तेथे बायकोच्याच डोक्यावर फोडलेले असते. म्हणजे पुण्याच्या मुलीने ऐकले चुकीचे, पण तिला आलेला संशय इतिहासाला धरून होता. अर्थाच्या दृष्टीने मात्र हे दोन शब्द वेगळेच आहेत, आणि विवाहाचा तिटकारा बाळगणारा माणूस स्त्रियांचा अत्यंत आदर करणारा असू शकतो. तो स्वतः विवाहित असण्यालाही कोशाची हरकत नाही.

आता मराठी प्रतिशब्दाकडे वळू. ‘स्त्रीद्वेष्टा’ हा शब्द आपल्याकडे चांगला रुळलेला आहे, म्हणून त्याच धर्तीवर मिसॉगमीसाठी ‘विवाहद्वेष’ आणि मिसॉगमिस्टसाठी ‘विवाहद्वेष्टा’ हे शब्द घ्यावेत; ते निर्दोष आहेत आणि ऐकताक्षणी कळतात. ‘लग्नद्वेष’ हा समासही व्याकरणाने चुकत नाही, कारण ‘लग्न’ हाही संस्कृतच शब्द आहे. चिकटणे, लागून असणे या अर्थाच्या ‘लग्’ धातूपासून तो झाला. ज्योतिषात पूर्व क्षितिजाला लागून उगवणाऱ्या राशीला लग्न म्हणू लागले, मग त्या राशीवर धरलेल्या मुहूर्ताला आणि शेवटी त्या मुहूर्तावर होणाऱ्या विधीला. पण नेमक्या याच प्रवासामुळे मराठीत लग्न म्हटले की डोळ्यांपुढे आधी मांडव येतो. ज्याला मानपान, रुसवेफुगवे, आहेराच्या याद्या आणि अंतरपाट धरून ताटकळणे सोसवत नाही, त्याला फार तर लग्नद्वेष्टा म्हणावे. असा माणूस विशेष विवाह कायद्याखाली नोटीस देऊन, 30 दिवस थांबून, तीन साक्षीदारांसमोर सह्या करतो आणि पुढची 40 वर्षे सुखाने संसार करतो. त्याला मिसॉगमिस्ट म्हणता येणार नाही, कारण त्याचे वाकडे समारंभाशी आहे. मिसॉगमीचा विषय विवाह ही अवस्था, ते बंधन, ती संस्था हा आहे.

बोलीसाठी मला आणखी एक शब्द सुचवावासा वाटतो. माणसांचा द्वेष करणाऱ्यासाठी संस्कृतची मदत न घेता मराठीने ‘माणूसघाणा’ असा फक्कड शब्द घडवला आहे, ज्यात माणसांची घाण येते हे सरळ सांगून टाकले आहे. त्याच साच्यातून ‘लग्नघाणा’ काढावा. तो कोशात सापडणार नाही आणि न्यायालयाच्या निकालपत्रात शोभणार नाही; पण सड्यावर काजू वेचताना एकाने दुसऱ्याविषयी बोलताना तो सहज खपेल.

आपल्या पुतण्याला यांपैकी कोणता शब्द लागू पडतो? माझे स्पष्ट मत असे आहे की बहुधा एकही नाही. द्वेष ही फार मोठी आणि कष्टाची भावना आहे. तिला सातत्य लागते आणि विशेष म्हणजे ती केवळ स्वतःपुरती थांबत नाही. विवाहाचा द्वेष करणाऱ्याला दुसऱ्याचे लग्नही बघवत नाही. आपला पुतण्या चुलतबहिणीच्या हळदीला घरात होता, पाहुण्यांच्या पंगतीत होता, आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याइतका प्रसन्न होता. महाभारतातील भीष्मांनी आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा केली, परंतु सावत्र भावाच्या लग्नासाठी काशिराजाच्या तिन्ही कन्या रथात घालून आणणारे तेच होते. त्यांना विवाहद्वेष्टे म्हणण्याचे धाडस कोणी केलेले नाही. लग्न न करणे हे आचरण झाले आणि लग्नाचा द्वेष ही वृत्ती झाली. या दोहोंमध्ये मराठीने अनिच्छा, कंटाळा, वीट, धसका, तिटकारा अशा बऱ्याच पायऱ्या करून ठेवल्या आहेत, आणि मालवणी माणूस ‘तेका लग्नाचा नावच नको’ एवढे म्हणून यांतली पायरी कोणती हे मोघम ठेवतो, हा त्याचा शहाणपणा आहे.

आणखी एक शक्यता मांडतो; ती चुकीची असेल तर क्षमा करावी. बाग आहे, घर आहे, पण मुलगा गावात राहतो, एवढ्यावरून परत गेलेली स्थळे आपल्या किनाऱ्यावर वाडीवाडीत माहीत आहेत. मुलीकडच्यांना मुंबई-पुण्याची नोकरी हवी असते, आणि मोहोर टिकेल की गळेल या चिंतेत वर्षाचा हिशेब मांडणारा जावई नको असतो. असे दोन-चार नकार पचवलेला तरुण पुढचा नकार येण्याआधी स्वतःच नकार देऊ लागतो आणि त्याला एखादे भारदस्त ग्रीक नाव मिळाले तर ते अंगावर पांघरतो. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस म्हणतो की माणसांचा द्वेष जन्मतो तो पारख न करता ठेवलेला विश्वास पुन्हा पुन्हा मोडल्यामुळे. विवाहद्वेषाची चौकशीही त्याच दिशेने करून पाहावी. मात्र ती पाहुण्यांसमोर करू नये. बागेत जाऊन करावी.

प्रश्न (दापोली येथे कृषी पदवीचे शिक्षण घेणारी विद्यार्थिनी): वनस्पतिशास्त्रात आम्हाला क्रिप्टोगॅम, ऑटोगॅमी, ॲलोगॅमी असे शब्द शिकवतात. त्यांतील ‘गॅमी’ आणि विवाहाचा काही संबंध आहे का?

उत्तर: आहे, आणि तो केवळ योगायोगाचा नाही. अठराव्या शतकात वनस्पतींचे वर्गीकरण करताना लिनियसने पुंकेसर आणि स्त्रीकेसर यांच्या संबंधाकडे विवाह म्हणूनच पाहिले. ज्या वनस्पतींत फूल दिसत नाही आणि त्यामुळे हा संबंध डोळ्यांना दिसत नाही, त्यांना त्याने ‘क्रिप्टोगॅमिया’ म्हणजे गुप्त विवाह करणाऱ्या असे नाव दिले. पावसाळ्यात दापोलीतल्या जांभ्याच्या प्रत्येक गडग्यावर जे शेवाळे आणि नेचे उगवतात ते सारे या गुप्तविवाहितांच्या वर्गातले. ‘ऑटोगॅमी’ म्हणजे स्वतःशीच केलेले लग्न, अर्थात स्वपरागण, आणि ‘ॲलोगॅमी’ म्हणजे दुसऱ्याशी केलेले, अर्थात परपरागण. आपल्याकडचा उंच बाणवली माड दुसऱ्या झाडाच्या परागावर अवलंबून राहतो, कारण त्याच्या एकाच पोगीतील नरफुले आणि मादीफुले यांच्या वेळा सहसा जुळत नाहीत. ठेंगण्या जातींत त्या बऱ्याच अंशी जुळतात आणि स्वपरागण होते. कळी न उघडताच फलन उरकणाऱ्या फुलांसाठी ‘क्लिस्टोगॅमी’ म्हणजे दार लावून केलेला विवाह असाही शब्द आहे. आपण ज्याला युग्मक म्हणता त्या ‘गॅमेट’चे मूळही ग्रीक भाषेतील पती आणि पत्नी या अर्थांच्या शब्दांत आहे. वनस्पतींत मिसॉगमी मात्र कोणी वर्णिलेली नाही.

प्रश्न (रत्नागिरी शहरातील एक वाचक भगिनी): माझे वय 46 आहे. मी नोकरी करते, आईसोबत राहते आणि मी लग्न केलेले नाही. माझ्याविषयी बोलताना लोक ‘पुरुषद्वेष्टी’ हा शब्द वापरतात, आणि अलीकडे एकाने अधिक विद्वत्ता दाखवून ‘विवाहद्वेष्टी’ म्हटले. माझा कोणाशी द्वेष नाही. या शब्दांचे व्याकरण बरोबर आहे का, आणि माझ्यासारखीसाठी मराठीत योग्य शब्द कोणता?

उत्तर: आधी व्याकरण. संस्कृत नियमाने ‘नेता’चे स्त्रीलिंगी रूप ‘नेत्री’, ‘अभिनेता’चे ‘अभिनेत्री’, तसे ‘द्वेष्टा’चे ‘द्वेष्ट्री’ व्हायला हवे. मराठी जिभेने ते नाकारले आणि ‘वेडा’चे ‘वेडी’ करावे तसे ‘द्वेष्टा’चे ‘द्वेष्टी’ केले. हे रूप इतके रूढ आहे की त्याला अशुद्ध म्हणण्यात अर्थ नाही. ज्यांना तरीही खटकते त्यांनी ‘विवाहद्वेषी’ म्हणावे, म्हणजे पुरुष आणि स्त्री दोघांचेही काम एकाच रूपात भागते.

परंतु शब्दाचे रूप शुद्ध असल्याने तो लावणाऱ्याचे म्हणणे शुद्ध ठरत नाही. आपल्या बाबतीत दोन्ही शब्द चुकीचे आहेत, कारण ते आपल्या मनाविषयी असे विधान करतात ज्याचा पुरावा केवळ आपण देऊ शकता, आणि आपण तर उलट पुरावा देत आहात. भाषेतील एक जुनी खोड येथे दिसते. अविवाहित माणसासाठी मराठीने केलेले बहुतेक देशी शब्द चेष्टेचे आहेत. ‘घोडनवरी’ आणि ‘घोडनवरा’ हे शब्द असे गृहीत धरतात की हे माणूस अजून नवरी किंवा नवरा होण्याच्या रांगेत उभे आहे आणि रांग फार लांबली आहे. ‘सडाफटिंग’ शब्दात पाश नसल्याचा हेवा आणि बेजबाबदारपणाचा आरोप दोन्ही आहेत, आणि तो स्त्रीला सहसा लावतही नाहीत, जणू पाश नसलेली स्त्री कल्पनेतच बसत नाही. ‘एकटा जीव सदाशिव’ ही म्हणसुद्धा पुरुषाच्याच वाट्याला आली. ‘प्रौढ कुमारिका’ हा छापील मराठीने घडवलेला शब्द वरवर सभ्य आहे, पण वयाची जाणीव करून दिल्याशिवाय तो राहत नाही.

ही खोड आजची नाही. ऋग्वेदात अशा स्त्रीसाठी ‘अमाजुर्’ असा एक विलक्षण शब्द आला आहे. ‘अमा’ म्हणजे घरी आणि ‘जुर्’ म्हणजे जीर्ण होणारी, तेव्हा माहेरच्या घरातच जिचे वय होत गेले ती अमाजुर्. शब्द सुंदर आहे आणि त्यात द्वेषाचा लवलेश नाही, तरी तिचे घर आणि तिचे वय एवढेच त्याला दिसले. तिची इच्छा काय होती हे त्यानेही विचारले नाही. पुढच्या संस्कृतात ‘अनूढा’ असा शब्द मिळतो. वाहून नेणे या अर्थाच्या ‘वह्’ धातूपासून ‘विवाह’ झाला आणि त्याच धातूपासून ‘ऊढा’ म्हणजे नेलेली. ‘नवोढा’ आपण आजही म्हणतो. तेव्हा अनूढा म्हणजे न नेलेली, म्हणजे येथेही कोणी न्यायला येणे हीच मुख्य क्रिया.

आपल्यासाठी ‘अविवाहित’ हा शब्द पुरेसा आहे. तो रुक्ष आहे आणि तेच त्याचे मोठेपण आहे, कारण कारण न सांगण्याची सोय तो देतो. निश्चय सांगायचा असेल तर ‘मी लग्न केलेले नाही’ हे आपले वाक्य कोणत्याही सामासिक शब्दापेक्षा सरस आहे. त्यात कर्ता आपण आहात. पत्रावर नावामागे ‘श्रीमती’ लिहावे. विधवेसाठीच तो वापरायचा हा समज अजून टिकून आहे, परंतु सरकारी आणि कार्यालयीन व्यवहारात तो वैवाहिक स्थितीचा उल्लेख न करता कोणत्याही स्त्रीसाठी वापरला जातो. आणि ‘विवाहद्वेष्टी’ म्हणणाऱ्या त्या विद्वान गृहस्थांना पुढच्या वेळी व्युत्पत्ती विचारावी.

प्रश्न (राजापूर तालुक्यातील एक कीर्तनकार): एका व्याख्यानात वक्त्यांनी समर्थ रामदास आणि र. धों. कर्वे या दोघांनाही ‘विवाहद्वेष्टे’ म्हटले. दोघांना एका माळेत ओवलेले मला रुचले नाही. आपले मत काय?

उत्तर: रुचू नये असेच ते आहे, बुवा. दोघांची कारणे निराळी आहेत आणि दोघांनाही तो शब्द लागत नाही.

बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द ऐकताच बारा वर्षांचा नारायण मांडवातून निघून गेला, ही समर्थांविषयीची कथा परंपरेने आपल्यापर्यंत आलेली आहे आणि आपण ती कीर्तनात शेकडो वेळा सांगितली असेल. तिच्यावरून वैराग्य सिद्ध होते. द्वेष होत नाही. विवाहाचा द्वेष करणाऱ्या माणसाने ‘आधी प्रपंच करावा नेटका। मग घ्यावे परमार्थविवेका॥’ असे लिहिले नसते. ज्या ग्रंथात हे वचन आहे तो महाड तालुक्यातील शिवथरच्या घळीत, म्हणजे आपल्याच सह्याद्रीच्या पायथ्याशी, सांगितला गेला असे मानतात. ‘प्रपंच करावा’ इतके सांगूनही ते थांबत नाहीत, तो नेटका करावा म्हणतात. स्वतः न निवडलेली वाट दुसऱ्याने नीट चालावी अशी काळजी घेणाऱ्याला विरक्त म्हणतात. आपल्या शास्त्रातही आयुष्यभर गुरुगृही राहणारा तो नैष्ठिक ब्रह्मचारी आणि विद्या संपवून गृहस्थाश्रमात जाणारा तो उपकुर्वाण, असे दोन मार्ग मानलेले असून एकाने दुसऱ्याचा द्वेष करावा असे सांगितलेले नाही. उलट लग्नाला दिलेला नकार आपण विधीत बसवून त्याची गंमत केली आहे. सोडमुंजीत बटू काशीला निघतो आणि मुलगी देण्याचे कबूल करून मामा त्याला परत आणतो, हा प्रसंग कोकणातल्या अनेक घरांत हौसेने होतो. त्या बटूला विवाहद्वेष्टा म्हणावे इतकाच समर्थांना म्हणण्यात अर्थ आहे.

र. धों. कर्वे यांची गोष्ट वेगळ्या प्रकारची आहे. त्यांचा जन्म 1882 साली दापोलीजवळच्या मुरूडचा. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि 1927 पासून आपल्या मासिकातून लैंगिक आरोग्य, स्त्रियांचे स्वातंत्र्य आणि विवाहसंस्थेतील दांभिकता यांवर ते अखेरपर्यंत लिहीत राहिले. ते स्वतः विवाहित होते आणि पत्नी मालतीबाईंची त्यांना या कामात साथ होती. एखाद्या संस्थेची कठोर चिकित्सा करणे म्हणजे तिचा द्वेष करणे, हे समीकरण मान्य केले तर वैद्याला देहद्वेष्टा म्हणावे लागेल. त्यांना विवाहसंस्थेचे टीकाकार म्हणावे. तो शब्द अधिक अचूक आहे आणि त्यांनाही अमान्य झाला नसता, असे मला वाटते.

याच घरातील आधीच्या पिढीची हकीकत या संदर्भात आठवते. त्यांचे वडील धोंडो केशव कर्वे यांनी पहिल्या पत्नीच्या निधनानंतर 1893 साली एका विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. तेथे एका विवाहाविषयी संताप होता आणि तो संतापही विवाहाच्या पावित्र्याच्या नावानेच व्यक्त होत होता. त्यालाही मिसॉगमी म्हणता येणार नाही. कायद्याच्या भाषेतही अशीच काळजी घ्यावी लागते. 1946 साली मुंबई प्रांतात हिंदूंच्या दुसऱ्या विवाहाला बंदी करणारा कायदा झाला, त्याला लोक सर्रास ‘द्विभार्या प्रतिबंधक कायदा’ म्हणू लागले. मूळ ‘बिगमी’ शब्दात दोन विवाह आहेत, दोन बायका नाहीत. पती हयात असताना दुसरे लग्न करणारी स्त्रीही त्या बंदीत येत होती. म्हणून तेथे ‘द्विविवाह’ म्हणणे योग्य.

प्रश्न (वेंगुर्ल्याहून एक तरुण वाचक): विवाहद्वेष ही केवळ लग्नाची भीती आहे का? आणि याच्या उलट अर्थाचा शब्द कोणता?

उत्तर: भीतीसाठी ‘गॅमोफोबिया’ असा वेगळा शब्द प्रचारात आहे, मराठीत ‘विवाहभय’ म्हणावे. डॉक्टरांच्या निदानयादीत या नावाचा स्वतंत्र आजार नाही, तेव्हा तो शब्द कोणाच्या कपाळी आजार म्हणून चिकटवू नये. भ्यायलेला माणूस लग्नापासून पळतो आणि द्वेष करणारा त्याच्यावर चालून जातो, एवढा फरक लक्षात ठेवल्यास गल्लत होणार नाही. उलट अर्थाच्या शब्दासाठी ग्रीक भाषेकडे जाण्याची गरज नाही. लग्नाला उतावीळ झालेल्यासाठी बोलीत ‘लग्नाळू’ हा शब्द आहेच, आणि आपल्या पत्राखालची ‘सध्या स्थळे पाहणे चालू आहे’ ही ओळ वाचून तो शब्द आपल्याला आधीच ठाऊक असावा असे वाटते.